सूर्यमाळच्या माळ्यावरील उपस्थितीबाबत

ज्ञानाशिवाय पदवी मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. हजेरीशिवाय पदवी मिळाल्याचं एकही नाही. उच्च शिक्षणाचा सगळा डोलारा या एका सत्यावर उभा आहे आणि त्या सत्याची राखण करायला आमच्या विद्यापीठाने माझी नेमणूक केली आहे. मी सहायक कुलसचिव (उपस्थिती). सहायक कुलसचिव (ज्ञान) असं पद आमच्याकडे नाही. मध्यंतरी तसा प्रस्ताव आला होता, पण त्या पदावरच्या माणसाने दिवसभर करायचं काय, हे कुणालाच लिहिता आलं नाही.

आमचा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन प्रकारे करता येतो: घरी बसून ऑनलाइन, किंवा विद्यापीठाच्या आवारात राहून. पदवी एकच, कागदाची जाडीसुद्धा एकच. मग दोन्हींत फरक काय, असं पालक फार काळजीने विचारतात. ऑनलाइन विद्यार्थी घरी बसून मोबाइलवर तास पाहतो. आवारातला विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत बसून मोबाइलवर तोच तास पाहतो, कारण व्याख्यानगृहात खुर्च्या चाळीस आणि आवारातले विद्यार्थी सत्तर. (खुर्च्यांची निविदा निघालेली आहे. तिसऱ्यांदा.) आवारातल्या विद्यार्थ्याला कॅन्टीन मिळतं आणि ऑनलाइनवाल्याला जेवण मिळतं, एवढाच काय तो भेद.

तास घेतात प्राध्यापक चैतन्य सर. त्यांच्याइतका नियमित शिक्षक मी पाहिलेला नाही. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी दोनच्या ठोक्याला तास सुरू, चारच्या ठोक्याला बंद. चार वर्षांत एका मिनिटाचा फरक नाही, कारण चार वर्षांपूर्वी सगळे तास एकदाच रेकॉर्ड करून सर परदेशी गेले आहेत. रेकॉर्ड केलेला तास ठरलेल्या वेळीच का पाहायचा, असं एका विद्यार्थ्याने अर्ज करून विचारलं होतं. शिस्त म्हणजे काय, हे त्याला लेखी कळवण्यात आलं.

यंदापासून हजेरी यंत्रणा घेते. दर दहा मिनिटांनी कॅमेऱ्यासमोर चेहरा आहे का ते ती पाहते, कुणी हात वर केला तर मोजते आणि कुणी काही बोललं तर सरांच्या वतीने ‘उत्तम निरीक्षण!’ असं उत्तर देते. नियम १४ (ब) प्रमाणे पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर शेवटची तोंडी परीक्षा देता येत नाही, आणि ती दिली नाही तर पदवी नाही.

जुलै ते ऑक्टोबर हे शेवटचं सत्र संपत आलं आणि यंत्रणेने आकडेवारी काढली, तेव्हा एकशे अठरा विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक आला योगिताचा. राहणार सूर्यमाळच्या खालचा पाडा, तालुका मोखाडा. हजेरी शंभर टक्के. हात वर केल्याची संख्या एकशे शेहेचाळीस. तोंडी सहभाग एकोणचाळीस वेळा. उरलेल्या एकशे सतरा विद्यार्थ्यांनी मिळून सत्रभरात एकदाही हात वर केला नव्हता, त्यामुळे यंत्रणा बिघडली असावी असं आधी आम्हाला वाटलं. तपासणीत ती ठणठणीत निघाली.

ही योगिता म्हणजे सव्वीस वर्षांची मुलगी. सकाळी मोखाड्याच्या एका शाळेत तासावर संगणक शिकवते, दुपारी आईबरोबर शेत करते. परीक्षेतही पहिली. जव्हारच्या एका तंत्रनिकेतनात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी तिची निवड झाली होती, यादीत नाव सर्वांत वर. अट एकच, डिसेंबरअखेर पदवी हजर करायची. आमच्या कार्यकारी मंडळाने तिला ‘आदर्श उपस्थिती सन्मान’ जाहीर केला आणि ऐन तासाच्या वेळी तिचा फोटो काढून माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापायचं ठरवलं. शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र घेऊन मला रवाना करण्यात आलं.

जव्हारहून मोखाडा, तिथून खोडाळा, इथपर्यंत रस्ता आहे असं म्हणता येतं. पुढे गाडीला बरंच काही सांगावं लागतं. पाड्यावर पोचल्यावर कळलं की मोबाइलला रेंज संपूर्ण पाड्यात एकाच जागी येते, तिथल्या गोरख नावाच्या शेतकऱ्याच्या नागलीतल्या, म्हणजे नाचणीच्या शेतातल्या, माळ्यावर. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेलं मचाण; पीक तयार झालं की त्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलायची. आवार असावं तर असं, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. वारा चोहीकडून, खुर्चीचा प्रश्नच नाही, कॅन्टीनचा वास नाही.

बुधवार होता. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. शिडी चढून मी वर गेलो तर बांबूच्या बेचक्यात मोबाइल बांधलेला, त्यात चैतन्य सर बोलताहेत आणि समोर साठीच्या एक बाई मांडी घालून बसलेल्या. हातात गोफण. जन्मतारखेच्या रकान्यात लिपिकाची चूक झाली असावी, असं मानून मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला आणि जरा हसायला सांगितलं. त्या हसल्या. फोटो उत्तम आला. तेवढ्यात नागलीवर पाखरांचा थवा उतरला. बाईंनी नारळ खाली ठेवला, हात डोक्यावर नेऊन गोफण गरगर फिरवली आणि ‘हुर्रर्र’ म्हणून आरोळी ठोकली. मोबाइलवर अक्षरं उमटली: ‘आपण हात वर केला आहे.’ पाठोपाठ आवाज आला: ‘उत्तम निरीक्षण!’

"योगिता आपणच ना?" मी खात्रीसाठी विचारलं.

"नाय सायेब, मी जिजा. योगिता माझ्या भातात हाय, कापनीला. मी तिच्या कालेजात हाय."

त्यांनी जे सांगितलं ते मी टिपणीत जसंच्या तसं घेतलं आहे. या भागात सावड नावाची पद्धत आहे. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी नाही, लिखापढी नाही. योगिता आणि तिची आई गंगी, घरात माणसं दोन. जुलैच्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, योगिता अकरा घरच्या शेतांत गेली आणि नेमके त्यातले बरेच दिवस बुधवार आणि शुक्रवार निघाले. न जावं तर हिच्या शेतात कोण येणार? जावं तर तास बुडतो. तेव्हा पाड्याने आपसात बसून सरळ हिशोब केला: तिने आमचं काम केलं, तिचं काम आम्ही करायचं. तिचं काम काय, तर दोन ते चार मोबाइलसमोर बसणं. अकरा घरांनी पाळ्या लावल्या. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन, मोबाइलला प्लास्टिक बांधून कुणी ना कुणी बसलं. सत्राचे चौसष्ट तास होत आले, एकही चुकला नाही.

"पण तुम्हाला यातलं काही समजतं का?" मी जरा वरच्या पट्टीत विचारलं.

"पयलं नाय समजलं," जिजाबाई म्हणाल्या. "मंग समजलं. मास्तर येकच सांगतो. येक मशीन बंद पडली का तिचं काम दुसरीनं उचलायचं, पन काम थांबवायचं नाय. आमी म्हनलं, हा मास्तर आपल्याच बाजूचा दिसतो."

(विषय होता वितरित प्रणाली. चैतन्य सरांनी हे सांगायला अठ्ठावीस तास घेतले आहेत.)

कुणीतरी हाक मारल्यावर योगिता वर आली. हातात विळा, केसांत भाताचं तूस. माझं ओळखपत्र पाहून तिचा चेहरा उतरला, पण तिने काही लपवलं नाही. तास ती संध्याकाळी स्वतः पाहत होती, स्वाध्याय तिचेच होते, परीक्षा तिनेच दिली होती.

"अहो, मग इथे एक फोटो टांगायचा होता," मी म्हणालो. "सगळे तेच करतात."

"मला ठाऊक आहे सर. पण या सगळ्या आपणहून आल्या. जिजाआत्या म्हणाली, तू आमच्या चिखलात उतरलीस, मग तुझ्या कामाला आम्ही नको का? तिला काय सांगू, तुझ्यापेक्षा फोटो बरा?"

हा प्रश्न मी नियमावलीत शोधला; तो तिथे नव्हता. मी शाल परत घेतली नाही. (ती ‘प्रवासात गहाळ’ दाखवली आहे.)

विद्यापीठाने सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष डॉ. अवंती मॅडम, सदस्य सचिव मी. न्याय सर्वांना सारखा हवा म्हणून समितीने एकशे अठराही विद्यार्थ्यांचे कॅमेरे तपासले. निष्कर्ष असे: एकसष्ट जणांच्या जागी फोटो. बावीस जणांच्या जागी स्वतःचीच छोटी फिल्म, पुन्हा पुन्हा फिरणारी. त्यातल्या एकाच्या मागून त्याच्या आई दर चार मिनिटांनी तोच चहा घेऊन जातात. नऊ रिकाम्या खुर्च्या, त्यातल्या दोन आवारातल्या. (म्हणजे खुर्च्या गेल्या कुठे, हेही उघड झालं.) पंचवीस कॅमेरे ‘तांत्रिक कारणास्तव’ बंद. आणि एका कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस, सत्रभर.

समितीने हा सगळा पुरावा अत्यंत बारकाईने तोलला. फोटोतला चेहरा प्रवेश अर्जावरच्या चेहऱ्याशी शंभर टक्के जुळतो, कारण फोटो तोच आहे; तेव्हा ओळख पटली. फिल्ममधला विद्यार्थी हालचाल करतो. तेव्हा तो केवळ हजरच नाही, तर जागाही आहे. रिकाम्या खुर्चीत दुसरा कुणी बसलेला नाही. तेव्हा तोतयेगिरी नाही. बंद कॅमेऱ्यामागे विद्यार्थी नव्हता असं सिद्ध होत नाही. राहता राहिला सूर्यमाळचा माळा. तिथे अकरा वेगवेगळे चेहरे दिसले आणि एकही अर्जाशी जुळला नाही. सबब, एकशे सतरा उपस्थित, एक अनुपस्थित.

एक अडचण उरली. वर केलेले एकशे शेहेचाळीस हात रद्द करायची सोय यंत्रणेत नव्हती. ते सर्व उपस्थित विद्यार्थ्यांत समान वाटून टाकले. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा हात आला आणि सहभागाच्या गुणांत वर्ग विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाला.

अवंती मॅडम वाईट नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी पळवाट काढून दिली: योगिताने आपला एक पासपोर्ट फोटो चौसष्ट तास कॅमेऱ्यासमोर ठेवून हजेरी नियमित करून घ्यावी, म्हणजे डिसेंबरच्या आत तोंडी परीक्षा होऊन जाईल. तसं संमतिपत्र घेऊन मी स्वतःहून पुन्हा सूर्यमाळला गेलो. प्रवासभत्ताही मागितला नाही. योगिताने कागद दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "सर, माझ्या जागी माणसं बसली होती. ती नव्हतीच, असं मी सही करून द्यायचं?" मी म्हणालो की हो, अर्थ साधारण तोच. तिने सही केली नाही. घळाघळा रडली मात्र, आणि तिच्या आईने मला चहा दिला. मला फार वाईट वाटलं. (ही नोंद टिपणीत घेतलेली नाही.)

जव्हारची जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. तो आमचाच विद्यार्थी, एकसष्ट फोटोंपैकी. त्याचे विद्यार्थी त्याच्यावर खूश आहेत. तो कुणाला त्रास देत नाही.

योगिताने शेवटच्या सत्राला पुन्हा प्रवेश मागितला. जिजाबाई म्हणे तिला म्हणाल्या, "मंग परत करू. भात काय येकदाच लावतात?" पण तोवर विद्यापीठ शहाणं झालं होतं. प्रवेश अर्जाला आम्ही नवीन घोषणापत्र जोडलं, नमुना सात: ‘मी अडचणीत असताना, न सांगता, माझ्या जागी येऊन बसतील अशा व्यक्तींची नावे.’ म्हणजे धोका आधीच कळावा. खाली अकरा रेषा. आलेल्या सगळ्या अर्जांत त्या कोऱ्या होत्या. काहींनी ‘निरंक’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. योगिताने अकराही रेषा भरल्या आणि पुरवणी जोडली. नियमानुसार तिचा अर्ज फेटाळण्यात आला. फेटाळल्याची सही माझी आहे.

नमुना सात इतका यशस्वी ठरला आहे की आता तो अभ्यासक्रमाबाहेरच्या सर्वसामान्य नागरिकांकडूनही भरून घ्यावा, असा विचार आहे. आपणही भरून पाहावा. अकरा रेषा आहेत, पेन आपलं आणावं. पहिल्या एक-दोन नावांपाशी बराच वेळ थांबायला होतं, असा सर्वांचा अनुभव आहे. माझाही आहे. तरी घाबरण्याचं कारण नाही. काहीच सुचलं नाही तर कागद कोरा द्यावा. प्रवेश नक्की समजा.