परकार पार्टीला गेले नव्हते

इक्बाल परकारांना तुमचं शिक्षण कुठे झालं असं कोणी विचारलं, की ते आधी कॉलेजचं नाव सांगतात आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उजवा हात वर करतात. शाळेत हजेरी देताना करतात तसा.

"गेलो नव्हतो," ते म्हणतात. "एकाही नाही. लिहून देतो."

पहिल्या भेटीत हा हात बघून मी गोंधळलो होतो. रियाधला ओलाया भागातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी हिशेब विभागात नवा लागलो होतो, आणि परकार तिथे ड्रेनेज विभागात जुने. ज्या शहरात पाऊस वर्षातून चारदोनदा आणि तोही पत्ता चुकल्यासारखा पडतो, तिथे पावसाच्या पाण्याची गटारं आखायचं काम हा माणूस वर्षानुवर्षं मन लावून करत होता.

"कुठे गेला नव्हता?" मी विचारलं.

"पार्ट्यांना."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही काही म्हणाला नाहीत, सावंत. तुमच्या भुवया म्हणाल्या."

माझ्या भुवया खरंच वर गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. माझा स्वभावच तसा आहे. लिफ्टमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो. परकारांवर हे लिहितानाही मनात रुखरुख आहेच. पण त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिहा. फक्त मी गेलो नव्हतो हे ठळक छापा."

त्यांच्या कॉलेजचं नाव मी सांगत नाही. घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या गावात ते आहे, आणि त्याची कीर्ती अशी की नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग "अरे वा" म्हणतात. परकार तिथे दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातून गेले. घरातले पहिले इंजिनिअर व्हायचे होते. त्यांच्या पहिल्याच वर्षी निरोप समारंभाच्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं कॉलेजच्या बसच्या टपावर चढून नाचली. बस उताराला उभी होती. ती निघाली आणि प्राचार्यांच्या बंगल्याच्या कुंपणातून आत जाऊन त्यांच्या घेवड्याच्या मांडवाखाली थांबली. टपावरची मुलं तरीही नाचतच होती. हा फोटो पेपरात आला.

"हँडब्रेक ओढला नव्हता हो," परकार अजूनही कळवळून सांगतात. "एक हँडब्रेक ओढला असता तर ते कॉलेज आज कुठल्या कुठे असतं."

पुढे काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. दुसऱ्या वर्षी प्रवेशाला रांग लागली, पण येणाऱ्या मुलांच्या सामानात पुस्तकांपेक्षा स्पीकर जास्त होते. चांगले मास्तर एकेक करून निघून गेले. आधी दोनतीन पार्ट्या व्हायच्या, त्या आता दर आठवड्याला होऊ लागल्या, कारण लोक नावं ठेवतातच तर निदान नावाला जागलं पाहिजे असं मुलांना वाटे. "पार्टी हा सक्तीचा विषय झाला," परकार म्हणतात. "एरवी शहाणी असलेली पोरंसुद्धा डोळ्यांवर झोप घेऊन नाचायची." व्यवस्थापनाने घाबरून संस्कार सप्ताह सुरू केला आणि व्याख्यानांसाठी मोठे कर्णे विकत घेतले. त्यानंतरच्या पार्ट्या पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेल्या. नोकऱ्या द्यायला एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. त्यांनी चहा घेतला, ती बस कुठे आहे ते विचारलं, बसपाशी फोटो काढला आणि एकालाही नोकरी न देता निघून गेले. पुढे त्या कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा गावातले रिक्षावाले म्हणाले, आता पार्ट्यांची पदवी मिळणार.

परकारांचं लग्न ठरतानाही हे नाव आडवं आलं. शबानाभाभींचे मामा चौकशीला आले.

"नाचता येतं का?" मामांनी विचारलं.

"नाही," परकार म्हणाले.

"त्या कॉलेजात शिकून?" मामा बरोबरच्या माणसाला म्हणाले, "बघ, खोटंही बोलतो."

लग्न झालं ते भाभींनी हट्ट धरला म्हणून. "मी म्हटलं, नाचणारा असेल तर बरंच आहे," भाभी सांगतात. "सावंतभाऊ, फसले मी. हा माणूस लग्नातसुद्धा मांडवाचं पाणी कुठून जाईल ते बघत होता."

रियाधमधल्या आमच्या मराठी मंडळींत बँकेतल्या पाटणकरांनी परकारांना 'डिस्को' नाव ठेवलं. मीही हसलो होतो. तिथे दारू नाही, नाचगाणं नाही, पण महिन्यातून एकदा शहराबाहेर इस्तिराहा घ्यायची पद्धत होती. इस्तिराहा म्हणजे भाड्याने मिळणारी, उंच भिंतींची बाग. आत चार खोल्या, एक छोटासा तलाव, मुलांसाठी घसरगुंडी. एकदा पाटणकर म्हणाले, "या वेळी व्यवस्था डिस्कोकडे द्या. पार्ट्यांच्या विद्यापीठाचा माणूस आहे."

परकारांनी ते काम इतकं गंभीरपणे घेतलं की आम्हीच ओशाळलो. आठवडाभर ते फोन करत होते. एकदा निमंत्रणाचा, एकदा निमंत्रण मिळालं का याचा, आणि आदल्या दिवशी "येताय ना, नक्की ना" असा. आमच्या इमारतीच्या रखवालदाराला बोलावलं, पाण्याच्या टँकरवाल्याला बोलावलं, मंडळ सोडून भांडून गेलेल्या एका गृहस्थांना तर गाडीत घालून आणलं. "कोणी राहिलं का बघा हो, सावंत," हे त्यांनी मला इतक्यांदा विचारलं की मी वैतागून जरा जोरात "नाही" म्हणालो, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पार्टी मात्र भयंकर झाली. कार्यक्रमात सरबत आणि सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा एवढंच होतं. एका राज्याच्या राजधानीवरचा प्रश्न अर्ध्यावर असताना परकारांना तलावाचं पाणी तुंबलेलं दिसलं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि जाळी उचकटून आतला गाळ काढत बसले. आम्ही सगळे सरबताचे पेले घेऊन त्यांच्याभोवती उभे राहिलो. शेवटी पाणी घळघळ वाहून गेलं तेव्हा टँकरवाल्याने टाळ्या वाजवल्या. परकारांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग सौदीकरणाची वर्षं आली. कंपनीत स्थानिक माणसं किती, यावरून सरकार कंपन्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊ लागलं, आणि आमची पिवळी निघाली. एका रविवारी ड्रेनेज विभागाला तुर्की नावाचा तरुण सौदी साहेब आला. मूळचा बुरैदाचा, नुकताच अमेरिकेतून शिकून आलेला. त्याला काम शिकवायचं परकारांनी. शिकवून झालं की शिकवणाऱ्याच्या इकाम्याचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण होईलच असं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तुर्कीलाही माहीत होतं, म्हणून तो बिचारा परकारांशी बोलताना खुर्चीतून उठून उभा राही.

पहिल्याच दिवशी परकारांनी त्याला विचारलं, कुठे शिकलास. तुर्कीने अमेरिकेतल्या विद्यापीठाचं नाव सांगितलं आणि मान खाली घातली. "मला ठाऊक आहे ते काय म्हणतात," तो इंग्रजीत म्हणाला. "पण वल्लाह, मी अभ्यास केला."

परकारांनी नंतर मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. त्यांचा आवाज बदललेला होता. "सावंत, त्याचंही तसंच आहे हो. तिकडे दरवर्षी म्हणे यादी निघते, कुठल्या विद्यापीठात धिंगाणा जास्त. त्याचं अगदी वर. परवा मुलीकडच्यांनी फोनवर शोधून बघितलं आणि स्थळ मोडलं."

त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवू लागले. त्यांचं बोलणं मी पलीकडच्या टेबलावरून ऐकत असे. तुर्कीची खोली मैदानाच्या वर होती, खालच्या गाण्यांमुळे भिंत थरथरायची. तो कानात कापूस घालून द्रवशास्त्र वाचायचा. परकार मान डोलवायचे. त्यांनी कापसाऐवजी मेण वापरलं होतं.

याच सुमारास परकारांच्या मुलीची, हुमाची, बारावी झाली. तिथे बारावीनंतर आपल्या मुलांना फारसा मार्ग नसतो, त्यामुळे ती एकेकटी भारतात जातात आणि आईबाप फोन उशाशी घेऊन झोपतात. हुमाला आर्किटेक्चर शिकायचं होतं. गुण चांगले, पण फार नाहीत. तिला हवा तो अभ्यासक्रम आणि प्रवेश, दोन्ही एकाच ठिकाणी जमत होतं. घाटमाथ्यावर.

"तिथे नाही," परकार म्हणाले.

"अब्बा, आप भी तो वहीं पढे हो," हुमा म्हणाली.

"म्हणूनच."

"आपने तो कहा आप कभी गये नहीं."

"मी गेलो नाही. पण लोकांना पटलं का? आज इतकी वर्षं हात वर करतोय. तू पण तेच करत बसणार?"

प्रवेश पक्का करायची मुदत जवळ आली. घरात कोणी कोणाशी धड बोलेना. भाभींनी मला बोलावलं. मी गेलो आणि दोन्ही बाजूंना "बरोबर आहे" म्हणून परत आलो. मला दुसरं काय सांगता येणार होतं? माझा मुलगा अत्यंत शिस्तीच्या, नावाजलेल्या कॉलेजात आहे आणि फोनवर माझ्याशी फक्त "ओके" एवढंच बोलतो.

शेवटी परकारांनी दुपारच्या जेवणाला तुर्कीला विचारलं. मी होतो.

"तुझी बहीण तुझ्याच विद्यापीठात जाते म्हणाली तर पाठवशील?"

"पाठवतोय," तुर्की म्हणाला. "पुढच्या वर्षी. धाकटा भाऊ सोबत जाईल."

"इतकं होऊनही?"

"अंकल, तिथली लायब्ररी बघितलीत का? चार मजले. एक माणूस नसतो. सगळी तिची." मग भाताचा घास थांबवून तो म्हणाला, "आणि आपल्यासारखे गेलेच नाहीत तर तिथे गोंगाटच उरेल ना."

परकार बराच वेळ हसत होते. संध्याकाळी त्यांनी प्रवेश पक्का केला. आणि पाटणकरांनी "काय डिस्को, दुसरी पिढी?" असं म्हटलं तेव्हा परकार शांतपणे म्हणाले, "लायब्ररीच्या दृष्टीने उत्तम विद्यापीठ आहे. लिहून देतो."

निघायच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी गाडी घेऊन गेलो. भाभी हुमाला पोचवून, हॉस्टेलमध्ये बसतं करून परत येणार होत्या. विमानतळाच्या अख्ख्या रस्त्यावर परकारांच्या सूचना चालू होत्या. मेसमधला मासा खायचा नाही, तो घाट चढून आलेला असतो. खोली वरच्या मजल्यावरची घ्यायची, खाली ओल येते. बाथरूमच्या जाळीत केस अडकू द्यायचे नाहीत. हुमा खिडकीबाहेर बघत "हां अब्बा, हां अब्बा" म्हणत होती.

आत जायच्या दारापाशी परकार थांबले. तिकिटाशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"हुमा, ऐक. तिथे पार्टी असेल. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात असते."

"अब्बा, मालूम है. मैं नहीं जाऊंगी. प्रॉमिस."

"जायचंस," परकार म्हणाले.

भाभी ट्रॉली ढकलत होत्या, त्या थांबल्या.

"पहिल्या पार्टीला तर जायचंसच. आणि कोणी बोलावलं नाही तरी जायचं. मुलं विसरतात गं. घाईत असतात, एकमेकांना हाका मारत जिना उतरतात. मुद्दाम नसतं."

हुमा त्यांच्याकडे बघत राहिली. मीही बघत होतो, आणि माझं तिथे असणं मला एकदम नकोसं झालं.

"और मैं किसी को भूल गई तो?" तिने हळूच विचारलं.

परकारांनी वाकून तिच्या बॅगेचा पट्टा उगाचच घट्ट केला.

"निघताना एकदा मागे वळून बघायचं. कुठल्या खोलीत दिवा असला तर दार वाजवायचं. आत एखादी तयार होऊन बसलेली असते. केसबिस विंचरून." मग ते सरळ उभे राहिले. "चला, यल्ला. रांग वाढतेय."

त्या दोघी आत गेल्या. परकार काचेला लागून उभे राहिले. रांग पुढे सरकत सरकत वळली आणि हुमा दिसेनाशी झाली, तरी ते हलले नाहीत. मी गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.