वडिलांच्या नावाचं स्पेलिंग

१९८६ साली क्युरपिपच्या आमच्या सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर आला, आणि तो कोणाच्या ताब्यात दिला? माझ्या!

"पासवर्ड असा ठेवलाय, की चोर रडत घरी जाईल!" सुट्टीवर जाताना मी शेजारच्या टेबलावरच्या निर्मलाला ऐकवलं.

"मलाही नाही सांगणार?"

"छे!"

परत आलो, ऐटीत बसलो, पासवर्ड टाकला. टूं! नामंजूर!

शब्द पाठ होता हो! माझ्या वडिलांचं नाव, गोवर्धन. पण इंग्रजी अक्षरांत! आमच्या बेटावर कारकुनांनी नावं कानावर पडली तशी लिहिली. माझ्या दाखल्यावर वडील एका स्पेलिंगचे, दादाच्या दाखल्यावर दुसऱ्याच. 'व्ही' की 'बी'? 'ए' की 'यू'? सुचेल ते टाकून पाहिलं. शेपटीवर पाय पडल्यासारखं ते यंत्र केकाटत राहिलं.

राजधानीतून, पोर्ट लुईहून आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "सगळं पुसून टाकू?"

साहेब गरजले, "अख्ख्या बेटावरच्या शिक्षकांच्या बदल्या त्यात आहेत! उद्या दुपारपर्यंत उघडलं नाही, तर पहिली बदली तुझी, यशपाल!"

एवढं मात्र आठवत होतं, की मी वडिलांच्या शिंपीदुकानाच्या पाटीवरचं स्पेलिंग टाकलं होतं. पाटी बेटाच्या दक्षिणेला, सुरिनाम गावी, बलरामदादाकडे. आणि वडील गेल्यापासून आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नव्हतो!

संध्याकाळी दारात उभा राहिलो. इंद्राणी वहिनी ओरडल्या, "आयो! भावजी?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोण वारलं?"

"कोणी नाही. बाबांची पाटी बघायची होती."

"बघ की. कोंबड्यांना विचारून बघ."

खुराड्याचं दार! पाटी उलटी ठोकलेली आणि नेमकी मधली अक्षरं कोंबड्यांच्या घाणीने माखलेली! मी ऑफिसच्या पँटनिशी गुडघ्यांवर बसलो. रुमालाने घासायला लागलो. एका कोंबडीने बोटाला चोच मारली. वहिनी पाणी ओतत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"बी! आणि यू! दोन्हीकडे यू!" मी ओरडलो.

"बाबांचं नाव लिहायला खुराड्यात यावं लागलं तुला?" दादा म्हणाला. तो हसत नव्हता.

"तू तर पाटी कोंबड्यांना दिलीस!"

"तू नेतोस? ने. भिंतीवर लाव."

मी रुमाल पिळत उठलो. क्युरपिपच्या माझ्या बैठकीत शिंप्याची पाटी? शेजारी काय म्हणतील?

"जेवून जा, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"नको, शेवटची बस चुकेल."

"बाबांना पोचवून आलो, तेव्हाही तुला बसच गाठायची होती," दादा म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस माझ्या खुर्चीमागे जमलं. मी एकेक अक्षर टाकलं. उघडलं! टाळ्या!

साहेबांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! शेवटी आठवलं कसं?"

मी पट्टी बांधलेलं बोट खिशात लपवलं, छाती फुगवली आणि म्हणालो, "वडिलांचं नाव आहे, साहेब! ते कोण विसरेल?"