सरोजिनीबाईंचा भांडणाचा वर्ग

वर्गाच्या पहिल्याच दिवशी सरोजिनीबाईंनी माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, "आजपासून तुम्ही सासू."

मी बी.ए. झालेला माणूस. मिशीला नुकताच आकार आलेला. म्हटलं, "बाई, मी?"

"का? सासवा काय वेगळ्या मातीच्या असतात? करा सुरू. सुनेनं दूध उतू घालवलंय."

सून म्हणजे माझा वर्गमित्र शेख रहीम. ढोकीचा, उंचापुरा. तो पदर सावरत इतका लाजला, की मला रागवायला जमेना. बाईंनी मला नापास केलं, त्याला पास.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. तुळजापुरातल्या एका संस्थेनं पदवीधरांसाठी हा वर्ग काढला होता. नवराबायकोची, घरादाराची भांडणं कशी ऐकायची, बिघडलेला संसार सावरायला हात कसा लावायचा, याचं रीतसर शिक्षण. माझ्या गावी, माकणीला, वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्याला तुळजापूर कशाला? आपल्या ओसरीवर बस."

बाई मात्र हैदराबादेत एम.ए. करून, पुढं मुंबईला हीच विद्या शिकून आलेल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खादीच्या पातळात. आवाज असा खणखणीत की शेजारच्या शाळेतली पोरंही गप्प बसत. लग्न केलेलं नव्हतं. कुणी त्यावरून खोचक बोललं तर म्हणत, "डॉक्टरला आधी ताप यावा लागतो का?"

त्यांचं ठरलेलं एक वाक्य होतं. आम्ही कुणाची चूक काढली रे काढली, की त्या खिडकीबाहेर बोट दाखवत, "कचेरी तिकडं." म्हणजे निवाडा करायचा असेल तर तहसिलात जा. इथं फक्त ऐकायचं.

ऐकण्याआधी बघायचं, हाही त्यांचाच नियम. नवीन जोडपी देवीच्या दर्शनाला येत. आम्ही पायऱ्यांवर बसून बघायचं की गाठोडं कुणाकडं आहे, मागं राहिलेल्यासाठी कोण थांबतंय. एकदा आम्ही असे टक लावून बसलेले बघून पोलिसानं धरलं. खिसेकापू समजला. बाई धावत आल्या. आता आमची ओळख देतील म्हणून आम्ही बघतोय, तर त्यांनी त्या पोलिसालाच विचारलं, "जमादार, घरी बरं चाललंय ना?"

जमादार आधी हसला. मग टोपी काढून पायरीवर बसला आणि बायको माहेरी का गेली ते सांगू लागला. आम्हाला सोडायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. आम्हीही ऐकत बसलो.

पण बाईंची खरी करामत दिसली ती महादू आणि गयाबाईच्या वेळी. अणदूरचं हे शेतकरी जोडपं. गयाबाईला बापानं दिलेली म्हैस महादूनं तिला न विचारता विकली होती. तेव्हापासून ती त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. वर्गात आली ती भिंतीकडं तोंड करून बसली.

बाई त्या जोडप्याला म्हणाल्या, "तुम्ही काही बोलू नका. ही दोघं तुमचं सोंग करतील, नुसतं बघा."

टॉवेल पुन्हा माझ्या डोक्यावर, रहीम महादू. मी छाती बडवत सुरू केलं, "अगं माझ्या बापाची म्हैस गं!"

महादू ताडकन उठला. "ओ मास्तर! ती असं रडत न्हाय. म्या तिला रडताना बगितलंच न्हाय. ती गुमान गोठ्यात जाती आन् रिकाम्या दाव्यापाशी बसती."

गयाबाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"तुमाला दिसत हुतं व्हय?"

"दिसत हुतं की."

"मग बोलला का न्हाईत?"

"लई वाईट वाटत हुतं. चुकलं म्हणायला तोंड उचलत न्हवतं."

मला राहवेना. "म्हणजे चूक यांचीच—"

"कचेरी तिकडं!" बाई कडाडल्या, आणि गयाबाई फिसकन हसली.

दोघं एकाच मोटारीनं अणदूरला गेली. आम्ही फुशारलो. बाई म्हणाल्या, "मिटवलं त्यांचं त्यांनीच. तुम्ही सोंग वाईट केलंत, एवढं मात्र बरं झालं."

वर्ग संपला. आम्हा दोघांनाही नेमणुका मिळाल्या. कामाची आता भीती वाटत नव्हती. निघायच्या दिवशी बाईंनी आम्हाला दुपारी घरी जेवायला बोलावलं. एका खोलीचं घर, मागं स्वयंपाकाची जागा. सगळं जिथल्या तिथं, एक भांडं इकडचं तिकडं नाही.

त्या आत भाकरी करत होत्या, आणि बाहेर रहीमची नि माझी जुंपली. हुरडा ढोकीचा चांगला की माकणीचा? आवाज चढत गेले. शेवटी मलाच भान आलं, मी रहीमचा हात दाबला. दोघं गप्प झालो.

बाई पिठाच्या हातानं दारात आल्या. "थांबलात का?"

"चुकलं बाई. फार आवाज झाला."

"होऊ द्या की." त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम मऊ झाला होता. "या घरात कुणी मोठ्यानं बोलतच नाही हो. भाकऱ्या होईस्तोवर तरी भांडा."

त्या आत वळल्या. रहीमनं माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "माकणीचा हुरडा म्हणजे नुसतं भूस!"

मी गरज नसताना ओरडून उत्तर दिलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.