डब्यांची ओळख परेड

आमच्या मंगरूळपीरच्या देवमनभाऊंच्या चक्कीवर दळण टाकणं सोपं, परत आणणं अवघड. तुम्ही डबा न्यायला गेलात की ते एकसारखे पाच डबे ओळीनं मांडतात, मागे सरकतात आणि म्हणतात, "ओळखा."

डब्यावर नाव लिहायला बंदी. "नाव वाचून तं कोनीबी ओळखते. चेहऱ्यावरून ओळखा." आता स्टीलच्या डब्याला कसला आलाय चेहरा? माझ्या बायकोनं एकदा मोठ्या ऐटीत भलताच डबा उचलला आणि आम्ही आठवडाभर शेजाऱ्यांची ज्वारी खाल्ली. देवमनभाऊंना चूक दिसत होती. पण "साक्षीदाराले सुचवाचं नसते" हा त्यांचा कायदा.

संशय त्यांच्या अंगातच मुरलाय. मी नमस्कार केला तरी ते आधी मागे वळून पाहतात, दुसऱ्या कुणाला केला की काय म्हणून.

चक्कीत गिऱ्हाइकांसाठी टीव्ही आहे. कुठल्या तरी गाजलेल्या खटल्याची बातमी लागते, निवेदक "हाच तो नराधम" म्हणून ओरडतो, आणि देवमनभाऊ पिठानं पांढराफटक झालेला दुपट्टा पडद्यावर फेकतात. मग आम्ही सगळे टीव्ही ऐकत बसतो.

"अहो, खटला मुंबईचा. आपला काय संबंध?" मी कुरकुरतो.

"उद्या साक्षीले बोलावलं तं? तोंड एकडाव डोक्यात बसलं का निंगत नाई, सर." मग दुपट्ट्याकडे बोट करून, "अन् हा टायवाला जज कोन्या कोर्टाचा हाय? आरोपपत्राच्या आंधीच निकाल देऊन राह्यला."

हे वेड उगाच लागलेलं नाही. मागे बसस्टँडवर एका बाईची सोन्याची पोत चोरीला गेली. मोबाइलवर बातम्या दाखवणाऱ्या एका बातमीदारानं तिथंच उभं राहून बातमी केली. त्याच्या खांद्यामागून देवमनभाऊ वाकून वाकून कॅमेऱ्यात डोकावत होते. ती बातमी घरोघरी फिरली. पुढे एक संशयित सापडला. ओळख परेडला त्याच्याच अंगकाठीची, तशाच मिशांची माणसं त्याच्यासोबत ओळीत उभी करतात. त्या ओळीत उभं राहायला देवमनभाऊंना बोलावणं आलं. सरकारी काम म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बाई ओळीसमोरून फिरली आणि तिनं बोट दाखवलं ते थेट देवमनभाऊंकडे. बिचारीनं मोबाइलवर तोच चेहरा शंभरदा पाहिला होता.

अधिकाऱ्यांनी हसून चहा पाजला आणि त्यांना घरी सोडलं. गावाला मात्र वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला.

परवा संध्याकाळी दळण आणायला गेलो, तर चक्कीवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी सहज विचारलं, "भाऊ, त्या बाईचा राग नाही येत?"

"तिचं काय चुकलं? तिनं पाह्यलं ते सांगतलं." पीठ झाडता झाडता ते थांबले. "घरी येऊन म्या सारं हासत हासत सांगतलं. आमच्या घरची बी हासली. मंग जेवाले वाढलं, अन् हळूच म्हने, 'खरंच तुमी नव्हते न जी?'"

त्यांची बायको आता या जगात नाही.

"मंग म्या नाई म्हनलं. जेवलो. पन तिले पटलं का नाई, ते तिच्यासंगच गेलं, सर."

टीव्ही चालूच होता. कुणा आरोपीची बायको कोर्टाच्या पायऱ्या उतरत होती. तोंडावर पदर, चहूबाजूंनी माइक, आणि एकच प्रश्न: तुमचा नवऱ्यावर विश्वास आहे का?

देवमनभाऊ उठले. एरवी ते दुपट्टा फेकतात. त्या दिवशी त्यांनी तो दोन्ही हातांनी हळूच पडद्यावर पांघरला.

"जाय बाई, घरी जाय," ते दुपट्ट्याला म्हणाले. "अन् त्याले भेटशीन तं काई इचारू नोको."