लोटूभाऊंची गाडी काट्यावर

बुऱ्हाणपूरचे केळीचे व्यापारी शालिग्रामशेठ यांच्या आवारात गाड्यांना वजनकाट्यावर बोलावायचं काम एक जुनाट संगणक करत असे. त्याच्यासाठी आवारातल्या संगणकाचं काम बघणाऱ्या योगेंद्रने घरच्या लॅपटॉपवर नवी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या हुकमांची फाइल, लिहिली होती. घरी ती झकास चालली. सोमवारी सकाळी त्याने ती आवारात सुरू केली.

संगणकाला जोडलेला भोंगा म्हणाला, "शाहपूरचे लोटू महाजन, काट्यावर या." लोटूभाऊंनी केळी तोलली आणि गाडी वळवली. भोंगा पुन्हा म्हणाला, "शाहपूरचे लोटू महाजन, काट्यावर या." माणूस सरळमार्गी. बोलावलं म्हणून परत आले. पुन्हा बोलावलं, पुन्हा आले. मग खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, माल तोच हाय. पन हर बारी वजन कमी भरून राहिलं. रांगेतले लोक केळी तोडून राहिले ना."

योगेंद्रने स्क्रिप्ट उघडून पाहिली. पुढच्या गाडीकडे जायची ओळ त्याने नव्या पद्धतीने लिहिली होती. जुन्या संगणकाला ती उमगत नव्हती, म्हणून तो पहिल्याच गाडीला धरून बसला होता. योगेंद्रने घाईघाईने तेवढी ओळ जुन्या वळणाची केली.

आता काटा रिकामा होईपर्यंत थांबायची ओळ संगणकाला कळेना. मग तो थांबेचना. भोंग्याने एका दमात सगळी रांग बोलावली आणि सगळी रांग आली. आवारात गाडीला गाडी चिकटली, फाटक अडलं, रस्त्यावर बस खोळंबली. काट्यावरच्या अलकाताईंना टेबलावर चढून उभं राहावं लागलं. शेठ स्वतः बाहेर येऊन एकेक गाडी मागे घ्यायला लावू लागले. ते जास्त वाईट होतं.

योगेंद्रने स्क्रिप्टमधलं नवं म्हणून जे जे होतं ते उपटून टाकलं. ज्या युक्त्यांचा त्याला अभिमान होता त्या सगळ्या गेल्या. उरलं ते इतकं बाळबोध होतं की कुणाला दाखवायची लाज वाटावी. ते मात्र बिनबोभाट चाललं. दुपारपर्यंत आवार मोकळं झालं.

शेठ खूश दिसले. तेवढ्यात योगेंद्रने हळूच नव्या संगणकाचा विषय काढला.

"नवा काहून?" शेठ म्हणाले. "आता तर तुमची स्क्रिप्ट पुराण्यावर बी चालते. जैनाबादच्या गोदामात याच्याही आधीचा एक पडेल हाय. तो बी मागवला. आता दोन काटे लावू."

फाटकाशी रिक्षा येऊन थांबली. तो संगणक उतरवायला दोन माणसं लागली. योगेंद्रला खुर्चीतून उठवायला तिसरा बोलवावा लागला.