वाळू-बाळीची अखंड हजेरी

प्राथमिक शाळा चालवायची तर तिच्या पटावर मुलं असावी लागतात. ही अट घालणाऱ्यांनी बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्याला असलेली ती डोंगरातली वाडी पाहिलेली नसावी. तिथे दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक येतो आणि निम्मी वाडी पोराबाळांसकट भट्टीवर जाते. ती परत येते पावसाच्या तोंडाशी. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण मात्र दरसाल पौषात होतं. त्या दिवसांत हवा चांगली असते आणि अधिकाऱ्यांना जीपमधून उतरावंसं वाटतं.

त्र्याण्णव सालच्या सर्वेक्षणात गुरुदत्त मास्तरांच्या पटावर दोन मुलं कमी पडली. दोन कमी म्हणजे शाळा बंद आणि मास्तर अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकाला पगार असतो, पण खुर्ची नसते. तो तालुकाभर दुसऱ्यांच्या शाळांत पाहुण्यासारखा उभा असतो. या चिंतेत मास्तर कुळगावातल्या आपल्या घरी चहा पीत बसले होते. हातात दैनिक ‘उल्हासतीर’ होता आणि नजर, सगळ्यांची असते तशीच, शेवटच्या पानावर खाली होती. तिथे ‘वाळू-बाळी’ होते.

अंबरनाथपासून वांगणीपर्यंत वाळू-बाळी ठाऊक नाहीत असा माणूस तेव्हा सापडला नसता. आठ वर्षांचा भाऊ, आठ वर्षांची बहीण, आणि चार चौकटींत रोजची एक खोडी. वीस वर्षं ती दोघं तिसरीत होती, शाळा बुडवत होती आणि लोकांच्या कैऱ्या पाडत होती. लोक बातम्या नंतर वाचत. काही जण तर वाचतच नसत.

मास्तरांनी परिपत्रक पुन्हा पाहिलं. ‘शाळेच्या वेळेत शाळेबाहेर हिंडताना आढळलेल्या बालकांची नोंद घ्यावी.’ मास्तरांना दोन बालकं रोज सकाळी आढळत होती. त्यांनी नोंद घेतली आणि दोघांची नावं तिसरीच्या पटावर चढवली. वडिलांच्या नावाच्या जागी चित्रकाराचं नाव घातलं. यात खोटं काय आहे, असं मास्तरांनी बायकोला विचारलं, तेव्हा ती हसत सुटली. त्यावरून त्यांना धीर आला.

जूनमध्ये विस्तार अधिकारी हिंदुराव भोईटे तपासणीला आले. पटावरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

“वाळू शिवराम. बाळी शिवराम. मास्तर, हे पेपरातले?”

मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. “होय, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “डी.एड.ला होतो तेव्हापासून वाचतोय मी यांना. आणि माझ्याच बीटमधल्या शाळेत आली ही पोरं! बोलला नाहीत कधी!”

साहेबांनी मग गंभीरपणे शेरा लिहायला घेतला. ही दोन बालकं रविवारीही हजर असतात. वीस वर्षांत एकदाही भट्टीवर गेलेली नाहीत. गळती शून्य. वय कायम आठ, त्यामुळे इयत्तेचा घोळ नाही. पुरावा म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं आहे, ते छापील असल्याने ग्राह्य धरावं. महिन्याभरात दोघांचे मोफत गणवेश आले. मळू नयेत म्हणून मास्तरांनी ते कपाटात ठेवले.

त्याच आठवड्यात वाडीतला सुकऱ्या आपल्या मुलीला, चंद्रीला घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. चंद्रीही आठच वर्षांची होती.

“गुर्जी, पोरीला घ्या शालत. अवंदा आमी भट्टीव नाय जात. चिखलोलीला बिल्डिंगचा काम गावलाय. ती लई रडतं शालसाठी.”

मास्तरांनी खोलीचं मोजमाप काढलं. खोलीला मंजूर असलेली मुलं वाळू-बाळीसह पुरी झाली होती. मास्तर वाईट नव्हते. चंद्रीला ‘नाही’ म्हणताना त्यांना खरोखर लाज वाटली. ते तिला घेऊन साहेबांकडे गेले.

“जन्मदाखला?” साहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब. पण मुलगी समोर उभी आहे.”

“उभं काय, कुणीही राहतं. वाळू-बाळीचा रोजचा पुरावा छापून येतो. हिचं काय येतं?” साहेबांनी चंद्रीकडे पाहिलं, आणि त्यांनाही बरं वाटेना. त्यांनी बराच विचार केला. “असं करा. ही त्यांच्याबरोबर पेपरात आली, तर त्यांची मैत्रीण ठरेल. त्यांच्याच बाकावर बसेल, खोली वाढवायला नको. फक्त एका दिवसाचं कात्रण नको. एका दिवसाला पाहुणी म्हणतात. महिनाभर सलग आली पाहिजे.”

चंद्री तोवर शाळेच्या खिडकीशी उभी राहू लागली. पावसात डोक्यावर इरलं घेऊन राहिली, ऊन पडल्यावर नुसतीच. मास्तरांनी मात्र अर्ज, विनंती, सबुरी यांत भाद्रपद घालवला. शेवटी दसऱ्याच्या सुमाराला ते तिला शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प तीनला घेऊन गेले.

चित्रकार शिवराम जीन्सच्या कारखान्यावर पोटमाळ्यात राहायचे. खाली मशिनींची घरघर चालू असायची आणि वर वाळू-बाळी जन्माला यायची.

“मास्तर, लफडं आहे,” शिवराम म्हणाले. “मला नातवंडं झाली, पण या दोघांचा दात पडू देत नाय लोक. एकदा बाळीला चष्मा लावला, तर अंबरनाथच्या अख्ख्या कॉलनीने पेपर बंद केला आठ दिवस. पेपरचा मालक, सेठ, माझ्या अंगावर धावून आला, साईं, बच्ची की आँख ठीक करो, म्हणाला. लोकांना पोरं कुठे पाहिजेत? त्यांना स्वतःचं लहानपण पाहिजे. तेपण धुऊन, इस्त्री करून.”

पण तोवर चंद्री त्यांच्या समोर जाऊन बसली होती आणि हलत नव्हती. शिवरामांनी पेन्सिल उचलली.

“आजोबा,” ती म्हणाली, “माझ्या हातात पाटी द्या ना.”

शिवरामांनी पाटी दिली. पुढचा तासभर ते तिच्याकडे बघत चित्र काढत राहिले.

सोमवारी चंद्री पेपरात आली. पहिल्या चौकटीत वाळू म्हणाला, “चल, आज शाळा बुडवू.” शेवटच्या चौकटीत चंद्री म्हणाली, “आधी मला बसू तर द्या, मग बुडवते.” मास्तर मोठ्याने हसले. तालुक्यात दुसरं कुणी हसल्याची नोंद नाही.

गुरुवारपर्यंत सेठच्या टेबलावरचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. रविवारी अंबरनाथला एका सोसायटीच्या हॉलमध्ये ‘वाळू-बाळी स्नेही मंडळा’ने तातडीची सभा बोलावली. मंडळाच्या अध्यक्षा सरस्वतीताई. लोकांनी मुलीला प्रत्यक्ष पाहिलं की प्रश्नच मिटेल, या भाबड्या समजुतीने मास्तर सुकऱ्याला आणि चंद्रीला घेऊन आले. दोघांना दाराशी, चपलांजवळ जागा मिळाली.

“मुलांबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही,” सरस्वतीताई म्हणाल्या. “मुलं म्हणजे देवाघरची फुलं. पण सकाळी सकाळी पेपर उघडावा, आणि ही पाटी घेऊन उभी! आपण काही केलंय का हिचं? मग ती आपल्याकडे अशी बघते का?”

एक गृहस्थ उठले. “आमच्या लहानपणी गल्लीत अशा मुली होत्या, हे मी मान्य केलं पाहिजे. पण आम्ही त्यांच्याशी खेळत नव्हतो.” या प्रामाणिकपणाला टाळ्या पडल्या.

“आणि कैऱ्या?” दुसरे म्हणाले. “वाळू-बाळीने पाडल्या तर गंमत वाटते. या वाडीतल्या पोरांनी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या खरोखर पाडल्या!”

भोईटे साहेब तिसऱ्या रांगेत होते. अधिकारी म्हणून आपली चंद्रीला पूर्ण सहानुभूती आहे, असं त्यांनी सांगितलं. परंतु आज आपण वाचक म्हणून आलो आहोत. मग सेठ उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “देखो भाई, असंच चाललं तर मी वाळू-बाळीच बंद करतो. झंझट खतम.”

मास्तरांनी बोटं मोजायला घेतली. वाळू-बाळी बंद, म्हणजे पटावरची दोन मुलं गळाली. दोन गळाली, म्हणजे शाळा बंद. शाळाच गेली तर चंद्री शिकणार कुठे? तेव्हा चंद्रीची शाळा वाचवायची असेल, तर चंद्रीला बाहेर ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मास्तरांनी हा हिशेब तीनदा करून पाहिला. तो दरवेळी बरोबर येत होता.

सरस्वतीताई म्हणाल्या, “तर सदर मुलीला पेपरातून वगळावं, या प्रस्तुत ठरावास ज्यांचं अनुमोदन असेल, त्यांनी कृपया हात वर करावेत.”

हात वर झाले. साहेबांचा झाला. मास्तरांचा अर्ध्यावर थांबला, मग तोही झाला. दाराशी चंद्रीने ते पाहिलं. वर्गात हात वर केला की गुरुजी आपल्याला विचारतात, एवढं तिने खिडकीतून पाहून ठेवलं होतं. ती चपलांमध्ये चवड्यांवर उभी राहिली आणि तिने हात जमेल तितका उंच केला.

“पोरी, खाली कर,” सुकऱ्या कुजबुजला. तिने केला नाही.

सरस्वतीताईंची नजर दारापर्यंत जाऊन परत आली. “एकमताने मंजूर,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना चहा दिला गेला.

पाऊस उशिरापर्यंत रेंगाळल्याने चिखलोलीचं काम लांबलं होतं, ते पुढे सुरूच झालं नाही. दिवाळी झाली आणि ट्रक आला. चंद्री विटांच्या साच्यांवर बसून गेली. पौषात मास्तरांनी वाडीत घरोघरी जाऊन पाहिलं. शाळाबाह्य मूल एकही आढळलं नाही. जिल्ह्याने त्या वाडीचा सत्कार केला.

ज्या सकाळी ट्रक गेला, त्या सकाळच्या अंकात बाळी शाळा चुकवून झाडावर चढली होती. फांदी मोडली, बाळी धप्पकन वाळूच्या अंगावर पडली, आणि तुम्ही हातातला चहा सांभाळत हसलात. घरातल्यांनाही हाक मारून दाखवलंत. विनोद जुनाच होता, पण चांगला होता.