एक तारखेचे संस्थानिक

आमचे शेजारी तात्या दर महिन्याच्या एक तारखेला बायकोला घेऊन बाजारात जात. आज यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. पण मी सांगतोय ते १९३०च्या सुमाराची मंदी येण्याआधीच्या रत्नागिरीतलं. तेव्हा नवराबायको एकत्र निघाली तर बायको दहा पावलं मागून चालायची. काकू तात्यांच्या बरोबरीने चालत. वर तात्या भर बाजारात, राम आळीत थांबून मोठ्याने विचारत, "अगो, दमलीस काय? टेकायचंय जरा?" दुकानदार तोंडावर उपरणं धरून हसत. काकूंची मान खाली जाई, पण पाऊल मागे पडत नसे.

तात्या कोर्टात नकलनवीस होते, निकालांच्या नकला हाताने उतरवायचे, आणि मी तिथेच कारकून. आमची बिऱ्हाडं एकाच घरात, मध्ये फक्त कुडाची भिंत. त्यामुळे त्यांचा उरलेला महिना कसा जातो ते मला ऐकूनच ठाऊक होतं. सकाळी पेज, दुपारी कुळथाचं पिठलं, रात्री सकाळची उरलेली पेज. चहा गुळाचा, तोही एकच कप, दोघांत मिळून. वहाणा झिजू नयेत म्हणून तात्या त्या हातात घेऊन कोर्टापर्यंत येत आणि पायरीवर घालत. साहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "साहेब, रस्ता सरकारचा आहे. वहाणा माझ्या आहेत."

एवढं पोटाला चिमटे काढून एक तारीख उजाडली की तात्या धुतलेला कोट चढवत आणि उंबऱ्यावर उभे राहून जाहीर करत, "चला! आज आपण संस्थानिक!"

या संस्थानिकांची खरेदी एकच वस्तू, चार आण्यांच्या आतली. ती निवडायची काकूंनी. आणि अट अशी, की ती घरात कशालाही उपयोगी पडता कामा नये. "मीठमिरची घेतली की तो झाला खर्च," तात्या मला समजावत. "ज्याच्यावाचून आपलं काडीचं अडत नाही ते घेतलं, की ती चैन. तुम्ही लोक मेले खर्चालाच चैन समजता!"

त्यामुळे उस्मानभाईंच्या दुकानात गंमत चाले. उस्मानभाई मणी, आरसे, खेळणी असला किरकोळ माल विकायचे. ते बिचारे चांगली फणी काढून दाखवत. काकू ती उलटसुलट करून परत देत. "ही नको. हिच्याने केस विंचरता येतील." मग तासाभराने पोटात रंगीत फूल असलेला काचेचा गोळा पसंत पडे. किंवा एका वेळी एकच डोळा दिसेल एवढासा आरसा. एकदा त्यांनी मान हलवणारा मातीचा म्हातारा आणला होता. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून दोघांचं हसू थांबेना. तात्या त्याला काहीबाही विचारत होते आणि काकू मान हलवायला लावत होत्या. आमच्याकडे पगाराच्या दिवशी हटकून भांडण होई. त्या दिवशी मी आणि माझी बायको भांडायचं विसरून ऐकत बसलो.

त्यांना दोन मुलं झाली होती. दोन्ही लहानपणीच गेली. त्याविषयी मात्र भिंतीपलीकडून मी कधी चकार शब्द ऐकला नाही.

पुढे मंदी आली आणि पगारात कपात झाली. तात्यांचा गुळाचा चहा बंद झाला. त्याच पावसाळ्यात काकूंना खोकला लागला आणि दिवाळीपर्यंत त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, दूध द्या, फळं द्या, मोकळी हवा द्या. यातली हवा तेवढी फुकट होती. तात्यांनी काकूंच्या पाटल्या विकल्या, मग धुतलेला कोटही विकला.

तरी एक तारखेला ते सदऱ्यावरच बाजारात गेले, एकटे, आणि पत्र्याची शिट्टी घेऊन आले. पलीकडून ती वाजली आणि माझी बायको संतापली. "घरात दुधाचा थेंब नाही आणि शिट्टी कसली आणतायत? तुम्ही बोला त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तात्यांना विहिरीवर गाठलं. म्हटलं, "तात्या, हे बरं नव्हे. तेवढ्या पैशांत काकूंसाठी चार दिवस दूध आलं असतं."

तात्यांनी कळशी खाली ठेवली. घराकडे एकदा बघून घेतलं. "डॉक्टर म्हणाले, आता औषधाला पैसे घालू नका. दुधाचा घोट गळ्याखाली उतरत नाही रे तिच्या. तिला हे सांगितलेलं नाही मी. पण एक तारीख चुकली, तर तिला न सांगता कळेल."

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं, तर तिने तिच्याकडचं सांगितलं. त्याच दुपारी ती काकूंकडे मऊभात घेऊन गेली होती, तेव्हा काकू तिला म्हणाल्या होत्या, "तुझ्या नवऱ्याला सांग गो, ह्यांना बाजारात जायला अडवू नका म्हणावं. मला माझं सगळं कळतंय. पण तेवढा तासभर तरी ह्यांच्या कानांवर माझा खोकला नसतो."

दोघांचं एकमेकांपासून लपवलेलं गुपित आमच्यापाशी येऊन पडलं होतं, आणि आम्हाला ते इकडचं तिकडे करायचं नव्हतं. केलं नाही. बरं केलं की वाईट, मला अजून सांगता येत नाही.

पुढे तीन वेळा तात्या एकटे बाजारात जाऊन आले. चौथी एक तारीख रविवारी आली. त्या दिवशी दुपारी काकू गेल्या.

दिवसकार्य झालं. तात्या कामावर येऊ लागले, नकला करू लागले, अक्षर पहिल्यासारखंच. पुढच्या पगाराच्या दिवशी आम्ही दोघे बरोबर निघालो. राम आळीच्या तोंडाशी ते क्षणभर थांबले आणि तिकडे न वळता सरळ मांडवीच्या बंदराकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. मुंबईची बोट खोल पाण्यात लागली होती, पडावाच्या होड्या तिच्यातली माणसं धक्क्यावर आणत होत्या. आम्ही धक्क्यावर बसलो.

"त्या रविवारी तिने मला जाऊ दिलं नाही," तात्या म्हणाले. "म्हणाली, आज इथेच बसा. मलाच न्या बाजारात, बसल्या जागी. मग नेलं, बोलत बोलत. पायरी उतरवली, विहिरीवरून नेली, आळीत आणली. शिंप्याचं दुकान दाखवलं. उस्मानभाईंकडे सगळा माल काढायला लावला. तिने एकेक ऐकला आणि काही पसंत नाही म्हणाली. म्हटलं, बरं, पुढे चल. तिचा हात माझ्या हातात होता. हलवायापाशी आलो आणि तो जड झाला. मला कळलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? अर्धी आळी राहिली होती. ती दाखवली तिला. मागे वळवून घरापर्यंत आणली. सावकाश पायरी चढवली. आणि मग तुम्हाला हाक मारली."